तेजाब, चुनखडी आणि हिशेब



वसंतातल्या व्याख्यानाला काव्य, संगीत किंवा अध्यात्म असा विषय शोभतो. आम्ही निवडलेला विषय तेजाब आणि चुनखडीचा आहे, हे पाहून कार्यक्रमपत्रिका वाचणाऱ्या काही मंडळींनी भुवया उंचावल्या असतील. पण कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले, त्याचा खरा धंदा हिशेबाचा असतो. मजुरीचा, हजेरीचा, बोनसचा, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब आम्ही केला आणि तो कामगारांना करायला शिकवला. ज्याला आपला हिशेब येत नाही, त्याचा हिशेब दुसरा कोणीतरी करतो, आणि तो नेहमी दुसऱ्याच्या फायद्याचाच असतो. कारखान्यात जे पदार्थ हाताळावे लागतात त्यांचाही असाच एक हिशेब असतो. तो चुकला तर पगार कापला जाऊन भागत नाही. फुप्फुस जाते, डोळा जातो, कधी माणूसच जातो. म्हणून हा विषय.

आमचे शालेय शिक्षण बेताचे. रसायनशास्त्र आम्ही रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पाठ्यपुस्तकांवरून, रात्रीच्या दिव्याखाली शिकलो. तेव्हा पंडिती भाषा आमच्याकडून होणार नाही. या विद्येला मराठी परिभाषेत 'रससमीकरणमिती' असे भारदस्त नाव आहे. आम्ही तिला सरळ 'पदार्थांचा जमाखर्च' म्हणू.

खान्देशच्या पाण्यातला दगड

प्रथम आपल्या घरातच पाहू. पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या बुडाला काही महिन्यांत पांढरट, खरखरीत थर बसतो. नळाच्या तोंडाशी तसाच थर जमतो. हा थर आला कोठून? आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्या पाषाणात कॅल्शियम असते. पावसाचे पाणी हवेतून थोडा आणि जमिनीत मुळांच्या श्वासातून पुष्कळसा कार्बन डायऑक्साईड वायू उचलते. जुन्या पुस्तकांत यालाच कर्बद्विप्राणिद म्हणत. या वायूने किंचित आंबट झालेले पाणी दगड हळूहळू झिजवते आणि त्यातले कॅल्शियम घेऊन खाली उतरते. तापीच्या काठची काळी जमीन खणताना जे पांढरे चुनखडीचे खडे लागतात, ते याच प्रवासात मागे राहिलेले सामान आहे. जे मागे राहत नाही, ते विहिरीत आणि कूपनलिकेत येते.

पाणी तापवले की वायू निघून जातो, आणि विरघळलेले कॅल्शियम पुन्हा दगड होऊन बसते. हाच कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी तीच, शहाबादी फरशी तीच, फळ्यावर लिहायचा जुना खडूही तोच. परीक्षा करायची असेल तर शहाबादी फरशीच्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. बारीक बुडबुडे येतात. आपल्या काळ्या दगडावर येत नाहीत. संडास धुण्याचे ॲसिड शहाबादी फरशीवर सांडले की ती कायमची खडबडीत का होते, हेही यावरून समजते: फरशीचाच काही भाग वायू होऊन उडून गेलेला असतो.

पातेल्याचे ठीक आहे, ते घासता येते. पण जळगावची खान्देश मिल किंवा अमळनेरची प्रताप मिल जेव्हा चालत असे, तेव्हा तिच्या बॉयलरलाही पाणी लागे ते याच मुलखातले. आजही तेलगिरणी असो, साखर कारखाना असो, वाफ करायची तर पाणी इथलेच. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम चुनखडी देणारे पाणी असेल, तर हजार लिटरची वाफ झाल्यावर मागे ३०० ग्रॅम दगड राहतो. तासाला हजार लिटर वाफ करणारा बॉयलर आठ तासांच्या पाळीत २ किलो ४०० ग्रॅम दगड पोटात घेतो. म्हणून पाणी आधी मृदू करून घ्यावे लागते. जेथे ही काळजी घेतली जात नाही, तेथे नळ्यांवर थर चढतो, जळण जास्त लागते, नळी जादा तापून फुटण्याची वेळ येते. मग एक दिवस हुकूम सुटतो: 'ॲसिड मारा.' आणि ॲसिड मारायला माणूस जातो. बहुधा कंत्राटी.

दोन्ही बाजू जुळणारी वही

ॲसिड चुनखडीवर पडले की काय होते? मिठाचे तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, कॅल्शियम कार्बोनेटशी असा व्यवहार करते:

कॅल्शियम कार्बोनेट (१) + हायड्रोक्लोरिक आम्ल (२) = कॅल्शियम क्लोराईड (१) + पाणी (१) + कार्बन डायऑक्साईड (१)

कंसातले आकडे रेणूंची संख्या सांगतात. एका कार्बोनेटला दोन आम्ले लागतात, आणि एक वायू सुटतो. आता वजने घालू. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १, क्लोरीन ३५.५. यांवरून कॅल्शियम कार्बोनेट १००, आम्ल ३६.५ आणि दोन आम्लांचे ७३. दुसऱ्या बाजूला कॅल्शियम क्लोराईड १११, पाणी १८, वायू ४४. डावीकडची बेरीज १७३, उजवीकडचीही १७३. निसर्गाच्या वहीत खोटी नोंद नसते. दगड दिसेनासा झाला म्हणजे नाहीसा झाला असे नव्हे. तो दुसऱ्या खात्यावर गेला.

ही वही प्रथम नीट तपासणाऱ्यांत जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश माणसाचे नाव घ्यावे लागते. त्याने मॅग्नेशियमच्या आणि चुन्याच्या कार्बोनेटांवर प्रयोग करून ते १७५६ साली प्रसिद्ध केले. पदार्थ तापवला किंवा त्यावर आम्ल टाकले की वजन किती घटते हे त्याने तराजूवर पाहिले, आणि घटलेले वजन एका वेगळ्याच वायूचे आहे हे ओळखले. दगडात कोंडलेला म्हणून त्याने त्याला 'स्थिर वायू' म्हटले. पुढे १७९२ पासून जर्मनीच्या रिश्टरने आम्ले आणि आम्लारी कोणत्या ठरावीक प्रमाणात एकमेकांना पुरी पडतात याचे कोष्टक मांडले, आणि या विद्येला तिचे युरोपीय नावही त्यानेच दिले. हत्यार म्हणाल तर तराजू, एवढेच.

मोजायचे तर तोलून

रेणू दिसत नाहीत, मग मोजायचे कसे? बँकेत चिल्लरीच्या थैल्या आल्या की एकेक नाणे मोजत बसत नाहीत. एका नाण्याचे वजन ठाऊक असते. थैली तोलली की संख्या कळते. रसायनशास्त्रात हीच युक्ती आहे. आपण शेकडा म्हणतो, कोडी म्हणतो, डझन म्हणतो. तसा रेणूंचा एक मोठा गठ्ठा ठरवला आहे, त्याचे नाव 'मोल'. एका मोलमध्ये सुमारे ६०२ कोटी कोटी कोटी रेणू असतात. २०१९ सालापासून हा आकडा आंतरराष्ट्रीय कराराने कायमचा बांधून टाकला आहे. आपल्याला तो पाठ करण्याची गरज नाही. एवढेच लक्षात ठेवायचे की रेणुभार जितका, तितके ग्रॅम म्हणजे एक मोल. १०० ग्रॅम चुनखडी म्हणजे एक मोल, ३६.५ ग्रॅम शुद्ध आम्ल म्हणजे एक मोल. ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साईड म्हणजे एक मोल.

पण आम्ल शुद्ध मिळत नाही; ते पाण्यात विरघळलेले, कॅनमध्ये भरून मिळते. म्हणून तिसरा आकडा लागतो: एका लिटरमध्ये किती मोल? येथे पुष्कळ जण फसतात. कॅनवर '३३ टक्के' लिहिलेले असते. त्याचा अर्थ लिटरमागे ३३० ग्रॅम असा सर्रास घेतला जातो. तो बरोबर नाही. हे टक्के वजनाचे आहेत. ते द्रावण पाण्याहून जड असते. त्याचा एक लिटर सुमारे १,१६० ग्रॅम भरतो. त्याच्या ३३ टक्के म्हणजे ३८३ ग्रॅम. त्याला ३६.५ ने भागले की लिटरमागे १०.५ मोल येतात. लिटरमागे ३३० ग्रॅम धरले असते तर ९ मोल आले असते, म्हणजे सातांत एकाची चूक झाली असती. पगारात सातवा हिस्सा चुकला तर आपण गेटसभा घेतो. येथेही तेवढेच जागरूक असले पाहिजे.

थरात चुनखडी किती?

आता खरे उदाहरण सोडवू. बॉयलरच्या नळ्यांवर अंदाजे ५ किलो थर आहे. तो सगळाच चुनखडीचा असतो असे नाही. त्यात सल्फेट असते, वाळूच्या जातीचा सिलिका असतो, गंज असतो. यांतले पुष्कळसे या आम्लाला दाद देत नाही. म्हणून आधी नमुना पाहायचा.

थराचा २ ग्रॅम नमुना कुटून घेतला. त्यावर लिटरमागे १ मोल या ताकदीचे आम्ल ५० मिलिलिटर टाकले. आम्ल मुद्दाम जास्त घेतले, म्हणजे चुनखडीचा कणही शिल्लक राहू नये. फसफस थांबल्यावर द्रावण उकळून घेतले, कारण त्यात विरघळून राहिलेला वायूही पुढच्या मापात लुडबुड करतो. मग उरलेले आम्ल किती हे पाहण्यासाठी फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून त्याच ताकदीचा कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडला. १८ मिलिलिटरला गुलाबी छटा आली. कॉस्टिक आणि आम्ल यांचा व्यवहार एकास एक. म्हणजे १८ मिलिलिटर आम्ल उरले होते.

५० मधून १८ वजा जाता ३२ मिलिलिटर आम्ल चुनखडीने खाल्ले. ३२ मिलिलिटर म्हणजे ०.०३२ लिटर, म्हणजे ०.०३२ मोल. दोन आम्लांना एक कार्बोनेट, म्हणून कार्बोनेट ०.०१६ मोल. गुणिले १००, म्हणजे १.६ ग्रॅम. दोन ग्रॅममध्ये १.६ ग्रॅम म्हणजे ८० टक्के. पहा, जे खर्च झाले ते थेट मोजता आले नाही, तर दिलेल्यातून उरलेले वजा केले. किराणा आणायला पाठवलेल्या मुलाचा हिशेब घरची बाई अशीच घेते.

किती आम्ल लागेल?

५ किलोच्या ८० टक्के म्हणजे ४ किलो चुनखडी. ४,००० ग्रॅम भागिले १००, म्हणजे ४० मोल. आम्ल दुप्पट, ८० मोल. कॅनमधल्या द्रावणात लिटरमागे १०.५ मोल, ८० भागिले १०.५, म्हणजे सुमारे ७.६ लिटर. हे तसेच ओतायचे नसते. लिटरमागे ५० ग्रॅम आम्ल या बेताने पातळ करायचे असेल, तर ८० गुणिले ३६.५ म्हणजे २,९२० ग्रॅम आम्लाचे सुमारे ५८ लिटर द्रावण होईल. पाणी आधी घ्यावे आणि त्यात आम्ल सोडावे. आम्लात पाणी ओतू नये, ते उसळून अंगावर येते.

येथे कोणी म्हणेल, गंधकाचे तेजाब स्वस्त पडते, ते का नको? कारण त्यातून कॅल्शियम सल्फेट होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. चुनखडीवर त्याचे कवच चढते आणि काम अडते.

आता प्रश्न: 'थोडे जास्त टाकले तर काय बिघडले?' हा प्रश्न आम्ही अनेक ठिकाणी ऐकला आहे. त्याचे उत्तर बैलगाडीच्या हिशेबाने देऊ. एका गाडीला दोन बैल. गाड्या पाच आणि बैल आठ, तर गाड्या चारच निघणार. बैल संपले की काम थांबले. उलट गाड्या चार आणि बैल सोळा, तर आठ बैल मोकळे. मोकळा बैल गप्प उभा राहत नाही; शेजारच्या शेतात शिरतो. मोकळे आम्लही तसेच. चुनखडी संपली की ते लोखंडाकडे वळते. एक मोल लोखंड, म्हणजे ५६ ग्रॅम, दोन मोल आम्लाने खाल्ले जाते आणि एक मोल हायड्रोजन सुटतो. ७.६ लिटरच्या जागी कोणी १५.२ लिटर ओतले, तर जादा ८० मोल आम्लाला ४० मोल लोखंड खाण्याची ताकद उरते. ते २ किलो २४० ग्रॅम झाले. ते तेथेच ठेवले, आणि लोखंड राखणारे औषध त्यात घातलेले नसले, तर नळ्यांचे लोखंड जाईल आणि ४० मोल हायड्रोजन तयार होईल. हायड्रोजन हवेत मिसळला की ठिणगीने भडकतो. म्हणून ॲसिड मारलेल्या बॉयलरच्या तोंडाशी विडी, कंदील, वेल्डिंग, काही नको.

न दिसणारा, वास नसणारा

बॉयलरचा मालक आम्लाचा हिशेब करील, कारण आम्लाला पैसे पडतात. वायूचा हिशेब कोणी करीत नाही, कारण वायू फुकट असतो. कामगाराने मात्र तोच आधी करायचा.

एक मोल वायू शून्य अंशाला २२.४ लिटर जागा व्यापतो. तपमान वाढले की तो पसरतो. ४० अंशाला २५.७ लिटर. आपल्या जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा चाळीस अंश धरणे हा कंजूषपणाच झाला. आपल्या उदाहरणात ४० मोल चुनखडी होती. एका चुनखडीला एक वायू. ४० गुणिले २५.७, म्हणजे १,०२८ लिटर. ओंजळी-दोन ओंजळी दगडातून एक घनमीटर वायू!

आणि हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे. ४४ ला हवेच्या सरासरी २९ ने भागा. तो टाकीच्या बुडाशी पाण्यासारखा साचून राहतो. त्याला रंग नाही, आणि सावध करील असा वासही नाही. हवेत तो शंभरात चार भाग झाला की जिवाला तात्काळ धोका मानतात. दहा भागांवर गेला की माणूस काही मिनिटांतच शुद्ध हरपतो. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. ती मुळीच न पाहण्यापेक्षा बरी, पण तिच्यावर विसंबू नये: ज्या हवेत कंदील अजून तेवत असतो, तीत माणूस गुदमरू शकतो. आणि ॲसिड मारलेल्या लोखंडी टाकीत तर कंदील सोडायचाच नाही. कारण वर सांगितलेच आहे.

एका कारखान्यात एक तरुण कामगार धुतलेल्या टाकीत उतरला आणि खाली बसलेला तसाच कलंडला. सोबत्यांनी त्याला वर ओढले, तो वाचला. चौकशीत व्यवस्थापनाचे म्हणणे असे पडले की, पोरगा सकाळी उपाशी आला होता, त्याला घेरी आली. एवढ्या पंधरा लिटर ॲसिडने कसला गॅस होणार? आम्ही भाषण केले नाही. कागद मागून घेतला आणि हिशेब मांडला. पंधरा लिटर गुणिले १०.५, म्हणजे १५७ मोल आम्ल. त्याचे निम्मे, सुमारे ७९ मोल वायू. गुणिले २५.७, म्हणजे दोन हजार लिटर. टाकी सहा हजार लिटरची. निम्मा वायू तोंडातून निघून गेला असे धरले, तरी उरलेला हजार लिटर म्हणजे टाकीचा सहावा हिस्सा, शंभरात सोळा-सतरा भाग. आणि तो खाली, जेथे पोरगा बसला होता तेथे. चौकशी अधिकाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि फाइलला लावला. त्यानंतर त्या टाकीच्या तोंडाशी पंखा आला, दोर आला आणि दोर धरणारा माणूस आला. उपाशी पोटाचा मुद्दा पुन्हा निघाला नाही.

खरे पाहता हे मागण्याची वेळच यायला नको होती. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमाने दंडक घातला होता की, घातक वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात किंवा नळात माणसाला उतरवायचे, तर आतली हवा तपासून जाणकाराने लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचे साधन आणि कमरेला पट्टा असावा, आणि पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. कायदे बदलतात, नव्या संहिता येतात. कार्बन डायऑक्साईडचे वजन बदलत नाही.

एक शब्द, तीन सोडे

आता उलटा प्रसंग. २० लिटरचा कॅन फुटून ॲसिड जमिनीवर पसरले. भिंतीवर पाटी असते: 'ॲसिड सांडल्यास सोडा टाकावा.' कोणता सोडा, किती, हे पाटी सांगत नाही. २० गुणिले १०.५ म्हणजे २१० मोल आम्ल. सोडियम कार्बोनेटही दोन आम्लांना एक पुरते, म्हणून १०५ मोल हवेत.

कोरडी सोडा ॲश असेल तर रेणुभार १०६. लागेल ११ किलो १३० ग्रॅम. धुण्याच्या सोड्याचे खडे असतील तर प्रत्येक रेणूला पाण्याचे दहा रेणू चिकटलेले असतात, रेणुभार २८६ होतो. लागतील ३० किलो. खाण्याचा सोडा असेल तर तो एका आम्लाला एक या प्रमाणात पडतो, रेणुभार ८४. लागेल १७ किलो ६४० ग्रॅम. तिन्हींना बोलताना आपण 'सोडा'च म्हणतो! दहा किलो खड्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवून ज्याने वहीत 'तरतूद केली' असे लिहिले, त्याने एक तृतीयांश तरतूद केली आहे. शिवाय सोडा टाकतानाही वायू सुटतोच: कार्बोनेटाने १०५ मोल, म्हणजे जवळजवळ २,७०० लिटर; खाण्याच्या सोड्याने त्याच्या दुप्पट. तेव्हा गोदामाची दारे उघडी ठेवूनच हे काम करावे. आणि हे सगळे जमिनीसाठी झाले. अंगावर ॲसिड उडाले तर सोडा शोधत बसायचे नाही; लगेच भरपूर वाहते पाणी.

केळीच्या बागेतला हिशेब

येथे बसलेल्यांपैकी रावेर, यावल, चोपड्याकडची शेतकरी मंडळी म्हणतील, आम्हाला बॉयलरशी काय करायचे? पण आज केळीला ठिबक आहे, आणि ठिबकच्या तोटीत तोच दगड बसतो. तेथेही ॲसिड सोडावे लागते, आणि तेथेही अंदाजाने ओतले जाते.

पाणी तपासणीची रीत सोपी आहे. १०० मिलिलिटर पाणी घ्यायचे, मिथिल ऑरेंजचे थेंब टाकायचे, आणि लिटरमागे ०.०२ मोल ताकदीचे हायड्रोक्लोरिक आम्ल रंग पालटेपर्यंत सोडायचे. जितके मिलिलिटर लागतील त्यांना दहाने गुणले की लिटरमागे मिलिग्रॅम चुनखडी निघते. प्रयोगशाळेतला माणूस हे 'गुणिले दहा' मंत्रासारखे म्हणतो; पण त्यात मंत्र नाही. एक मिलिलिटर आम्लात ०.०२ मिलिमोल, त्याचे निम्मे कार्बोनेट ०.०१ मिलिमोल; गुणिले १००, म्हणजे १ मिलिग्रॅम. ते १०० मिलिलिटर पाण्यात होते, लिटरमध्ये दहापट. झाले.

३० मिलिलिटर लागले, तर लिटरमागे ३०० मिलिग्रॅम. हजार लिटर पाण्यात ३०० ग्रॅम, म्हणजे ३ मोल. पाण्यात ते बायकार्बोनेटच्या रूपात असते, पण एका कॅल्शियममागे दोन आम्ल हे प्रमाण तेच राहते. म्हणून ६ मोल आम्ल, भागिले १०.५, म्हणजे सुमारे ५७० मिलिलिटर. एवढे तर पाण्याचाच आंबटपणा गाठायला खर्च होते. तोटीत आधीच बसलेल्या दगडाला त्यावर आणखी लागेल, ते लिटमसच्या जातीच्या कागदाने पाहत पाहत द्यावे. एक इशारा येथे दिलाच पाहिजे. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरही याच नळ्यांतून सोडतात. ती आणि ॲसिड कधीही एका भांड्यात, एका दिवशी एकामागून एक, आणू नयेत. त्यातून क्लोरीन सुटतो, आणि तो उघड्या शेतातही माणसाचे फुप्फुस जाळतो.

पाच प्रश्न

कोणतेही असे गणित समोर आले की पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. कोणाचा कोणाशी व्यवहार आहे, आणि कितीस किती? प्रत्येकाचे मोल किती: घन असेल तर ग्रॅम भागिले रेणुभार, द्रावण असेल तर लिटर गुणिले ताकद? आधी कोण संपते? जे उरते ते कोठे जाते? आणि जे नवे तयार होते, ते कोणाच्या अंगावर येते? पहिले तीन प्रश्न शाळेच्या पुस्तकात असतात आणि परीक्षेत त्यांना गुण मिळतात. चौथा आणि पाचवा प्रश्न पुस्तकात क्वचित सापडतो. ते टाकीच्या तोंडाशी उभे राहिल्यावर सुचतात.

आपल्या घरातले कोणी कारखान्यात, शेतात, दवाखान्यात किंवा पाणीपुरवठ्यात ॲसिड हाताळत असेल, तर त्याच्याबरोबर बसून कॅनवरचा आकडा वाचावा, सोड्याच्या पिशवीवरचे नाव वाचावे आणि कागदावर पाच ओळींचे गणित करावे. त्याला दहावीच्या पुढचे काही लागत नाही. गणित पुरे झाले की कागद घडी करून खिशात ठेवावा, आणि उद्या पाळी सुरू होण्याआधी मुकादमाला एवढेच विचारावे: आज टाकीत किती वायू होणार आहे, आणि दोर कोण धरणार आहे?